माझा फोटो लावून विकलेलं औषध

मी पेशी मारायचं काम करत होते. चिंचवडच्या एका कॉलेजात आता मी शिकवते, पण त्याआधीची काही वर्षं त्याच कॉलेजच्या संशोधन विभागात होते. तिथे सकाळी गेलं की आधी इन्क्युबेटर उघडायचा आणि पेशी कशा आहेत ते बघायचं. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी. परदेशातल्या कुणा एका बाईच्या रक्तातून त्या कधीकाळी काढल्या होत्या. बाई गेली, पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढतायत. आमच्याकडेही त्या गुलाबी पाण्यात, प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढायच्या. मी त्यांना खायला घालायचे, त्यांची दाटी झाली की वेगळ्या करायचे, आणि मग थोड्या थाळीत काढून त्यांच्यावर विष घालायचे.

ते विष म्हणजे चिनी वैद्यकातला एक घटक. चिनी वैद्य पिढ्यान् पिढ्या एक मिश्रण देत आलेत. त्यात नीळ असते. आपली कपड्यांची नव्हे, झाडाच्या पानांपासून करतात ती. त्या निळीत एक लालसर-जांभळा पदार्थ असतो आणि तो रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर चालतो असं तिकडच्या डॉक्टरांना फार पूर्वी दिसलं होतं. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, त्यावर काम करायचं होतं. हात माझे.

थाळीत काय व्हायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. औषध घातल्यावर आधी पेशींची वाढ थांबायची. मग त्या आक्रसायच्या. त्यांच्या अंगावर उकळत्या दुधासारखे बुडबुडे यायचे. आतलं केंद्रक तुटून त्याचे तुकडे व्हायचे. मायक्रोस्कोपखाली ते बघायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? इतक्या चिवट पेशी आपल्या हातून मरताना बघून अंगावर काटा यायचा.

पण शास्त्र म्हणजे तेवढंच नसतं. आजारी पेशी मरतात, तर चांगल्या पेशींचं काय होतं, हेही बघावं लागतं. चांगल्या पेशी हव्यात म्हणून मी माझंच रक्त काढून घेतलं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांच्यावर तेच औषध घातलं. त्या थोड्या उशिरा मेल्या, थोडं जास्त औषध लागलं, पण मेल्या. आणखी एक गोष्ट. तो पदार्थ पाण्यात विरघळत नाही. थाळीत घालायला आम्ही तो एका द्रावकात विरघळवायचो. माणसानं त्याची पूड गिळली तर पोटातून रक्तात कितीशी जाईल, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही ते बघितलंही नव्हतं. हे सगळं मी लिहिलं आणि आमच्या शोधनिबंधात ते छापूनही आलं. तो निबंध कुणी वाचला असेल तर आमच्यासारख्याच चार लोकांनी.

मग पेपरचा बातमीदार आला. सर खुर्चीत पुढे सरकून बोलत होते. "चिनी परंपरा, भारतीय बुद्धी," असं काहीतरी. मला पांढरा कोट घालून हातात बाटली धरायला लावली आणि फोटो काढला. मी बातमीदाराला दोनदा म्हणाले, "हे औषध नाही हं. हे फक्त थाळीत झालंय. माणसावर काही केलेलं नाही."

"हो मॅडम, लिहितो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आणि वर मथळा : रक्ताचा कर्करोग आता होणार बरा! खाली सरांचं वाक्य, की या वनौषधीचे कुठलेही दुष्परिणाम नाहीत. माझ्या रक्तातल्या पेशी कुठे गेल्या? मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, दुष्परिणाम नाहीत असं कसं म्हणालात? आपण बघितलंय की चांगल्या पेशीही मरतात."

सर हसले. "अगं, ही बातमी आहे. शोधनिबंधात तू लिहिलंयस ना सगळं नीट? झालं तर मग. लोकांना आनंद होऊ दे जरा."

मी बाहेर आले. राग आला होता, पण तो त्या दिवसापुरता. असल्या बातम्या रोज येतात, उद्या त्यावर भजी बांधतील, असं वाटलं. पेपरला खुलाशाचं पत्र मात्र मी पाठवलं. ते छापून आलं नाही.

थेरगावात माझा मोठा भाऊ राहतो. आम्ही लातूरकडचे. दादा आधी आला, चाकणला एका कंपनीत टूलरूमला लागला, थेरगावात दोन खोल्या घेतल्या आणि मग मला घेऊन आला. माझं कॉलेज, एम.एस्सी., सगळं दादाच्या ओव्हरटाइमवर झालं. त्या बातमीचं त्यानं काय केलं असेल ते सांगायला नको. कात्रण लॅमिनेट करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलं. गॅस सिलिंडरवाला आला तरी त्याला म्हणायचा, "ही आमची ताई."

"दादा, काढ ना ते," मी म्हणायचे.

"तुला काय करायचंय? माझी भिंत हाय," तो म्हणायचा.

आणि मग दादालाच तो आजार झाला. कथेत असं कुणी लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं. पण झालं खरं. कंपनीत दर वर्षी तपासणी होते, त्यात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. पुढच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हा सावकाश वाढणारा प्रकार आहे आणि यावर गोळी आहे. रोज एक, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. "बीपीची गोळी घेतात तशी घ्यायची. चुकवायची नाही. तुम्ही कामावर जाल, म्हातारे व्हाल, दुसऱ्याच कशाने तरी जाल," असं त्या म्हणाल्या आणि दादा हसला. वहिनी मात्र रडल्या.

मी थाळीत ज्या पेशी मारत होते त्या याच आजाराच्या होत्या. हे दादाला कळायला वेळ लागला नाही. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "मग तुझंच औषध घेतो की मी. बाहेरचं कशाला?"

मी त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. "दादा, ते औषध नाही. थाळीत साबणाचं पाणी घातलं असतं तरी त्या पेशी मेल्या असत्या. डॉक्टरांची गोळी ही त्या पेशीतली जी कळ बिघडलीय, नेमकी तीच बंद करते. माणसांना देऊन, वर्षानुवर्षं बघून ठरवलेली आहे ती. माझं काम म्हणजे पहिल्या पायरीवरचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या बाकी आहेत."

"बरं," तो म्हणाला. त्याला पटलंय असं मला वाटलं.

गोळी लागू पडली. पेशी उतरल्या, तो शिफ्टला जायला लागला. त्रास होता, नाही असं नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, मळमळायचं. टूलरूममध्ये उभ्यानं काम. मध्येच पोटरी धरून तो खाली बसला की पोरं हसायची. आपल्याला काय झालंय हे त्यानं कंपनीत दोघातिघांनाच सांगितलं होतं. पण तो चालत होता, जेवत होता, गणपतीत सोसायटीच्या मंडपाला वायरिंग करत होता. माझी काळजी कमी होत गेली.

एका रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज असा की मला आधी वाटलं दादा गेला. "ताई, तुम्ही या. आत्ता या. मला काही कळंना."

मी आता पिंपळे सौदागरला राहते, तिथून थेरगाव काही लांब नाही. मी पोचले तेव्हा वहिनींनी दादाची कंपनीची बॅग धुवायला काढली होती आणि आतलं सगळं ओट्यावर मांडलं होतं. गोळ्यांच्या पट्ट्या, न फोडलेल्या, एकावर एक. दादा म्हणायचा, गोळी मी कंपनीत जेवल्यावर घेतो. आणि शेजारी पांढरी प्लास्टिकची बाटली, तिच्यात निळसर पुडीच्या कॅप्सूल. बाटलीवर हिरवं लेबल. लेबलवर मी. पांढरा कोट, हातात बाटली, तोच फोटो. खाली लिहिलेलं : पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली चिनी वनौषधी.

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दिली का ही?"

तो प्रश्न अजून कानात आहे. त्यांनी रागानं विचारला नव्हता. खरंच विचारत होत्या.

दादा आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर."

"गोळी बंद?"

"बंद."

उन्हाळा लागला होता. मी ओरडले. मी माझ्या भावावर आयुष्यात कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी जिन्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडले. "मी तुला सांगितलं होतं! ते औषध नाही म्हणून इथं, याच पलंगावर बसून सांगितलं होतं! तुला समजलं नव्हतं तर विचारायचंस ना!"

तोही उठला. "समजलं होतं मला. पण मला वाटलं तू भितीस. मोठ्या कंपन्या असलं दाबतात, बोलणाऱ्याची नोकरी जाती, असं कंपनीतल्या एकानं सांगितलं. त्यानंच बाटली आणली, तिच्यावर तुझा फोटो. तुझा! दुसऱ्या कुणाचा असता तर मी हात लावला नसता. ती डॉक्टरीण माझी कोण? तू माझी बहीण हाईस. मग मी कुणावर विश्वास ठेवायचा?"

माझा राग तसाच होता, पण तो आता कुठे न्यावा ते कळेना. दादा परत खाली बसला आणि हळूच म्हणाला, "ती घ्यायला लागल्यापासून पोटऱ्या दुखायच्या थांबल्या होत्या."

अर्थातच थांबल्या होत्या. गोळीच बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी पोट तपासताना डाव्या बाजूला हात ठेवला आणि तिथेच पुन्हा दाबून बघितलं. प्लीहा वाढली होती. रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी पुन्हा भलत्याच वर. बाईंनी माझ्याकडे बाटली मागितली, लेबल वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा लेबलकडे.

"या तुम्ही आहात?"

"हो. पण हे माझं नाही."

"काय आहे आत?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

लेबलवर निगडीचा पत्ता होता. मी कॉलेजातून अर्धी रजा टाकली आणि गेले. बसस्टँडपासून जवळच, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. बाहेर चपला. आत स्वच्छ खोली, उदबत्ती, भिंतीवर चिनी अक्षरांचं एक कॅलेंडर आणि काचेच्या कपाटात त्या बाटल्या, ओळीनं. प्रत्येक लेबलवर मी. बाकावर माणसं बसली होती. एक म्हातारे गृहस्थ, एक जोडपं, आणि एक बाई, जिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची मुलगी झोपली होती. मुलीच्या डोक्याला स्कार्फ होता.

दुकानदार तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अतिशय गोड. "या ना ताई, बसा. पेशंट कोण?"

"भाऊ," मी म्हणाले.

"काळजी करू नका." त्यानं टेबलाच्या काचेखालून कात्रण काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे बघा. आपल्या इथल्याच मॅडम आहेत. ह्यांनी स्वतः शोध लावलाय. लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मारून दाखवल्या. पेपरला आलंय, मी सांगत नाही. दुष्परिणाम शून्य."

मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. तोंडाला मास्क होता, म्हणून की त्यानं तो फोटो कधी नीट बघितलाच नव्हता म्हणून, कोण जाणे. मी मास्क काढला.

"ही मी आहे," मी म्हणाले.

त्यानं फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा गडबडेल, पळेल, हात जोडेल. पण त्याचा चेहरा फुलला. खुर्चीतून उठून तो बाकावरच्या लोकांना म्हणाला, "अहो, बघा कोण आलंय! मॅडम स्वतः आल्यात! ज्यांनी शोध लावला त्या!"

आणि ते लोक उठले. म्हातारे गृहस्थ उठून माझ्याकडे हात जोडून आले. ते जोडपं पुढे आलं. मुलीच्या आईनं मुलीचं डोकं अलगद बाकावर ठेवलं आणि येऊन माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्यामुळं ओ. तुमच्यामुळं आम्ही उमेद धरली."

मी हात सोडवून घेतले. मला किंचाळायचं होतं. "ऐका," मी म्हणाले, "हे माझं औषध नाही. यात काय भरलंय ते मला माहीत नाही. मी काचेच्या थाळीत प्रयोग केला होता, माणसावर नाही. माझ्या भावानं हे घेतलं आणि दवाखान्याची गोळी बंद केली. त्याचा आजार परत वाढलाय. तुम्ही दवाखान्याचं औषध बंद करू नका. हा माणूस खोटं बोलतोय."

दुकानदार गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, मी कुणाला दवाखाना बंद करा असं म्हणतच नाही. भाऊंनी मनानं केलं असणार. आणि पेशी मेल्या की नाही, तेवढं फक्त सांगा. खरं सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मेल्या," मी म्हणाले. "पण थाळीत मेल्या. माझ्या स्वतःच्या चांगल्या पेशीसुद्धा मेल्या त्यात."

"पण मेल्या ना?" मुलीच्या आईनं विचारलं. पुढचं तिनं ऐकलंच नव्हतं. "कॅन्सरच्या मेल्या ना, ताई?"

शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, वर्गात साठ-साठ पोरं असतात, पण माझं बोलणं इतकं वाया कधीच गेलं नव्हतं. मी खरं बोलत होते आणि माझ्या खऱ्यातला अर्धा भाग उचलून तो माणूस माझ्यासमोर विकत होता. मी त्याच्या टेबलावरचं कात्रण उचललं, फाडलं, तुकडे त्याच्याच टेबलावर टाकले. त्यानं ते शांतपणे गोळा केले. ड्रॉवर उघडला. आत झेरॉक्सचा गठ्ठा होता.

मी खाली आले. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं तेव्हा कळलं की मी रस्त्याच्या मधेच उभी आहे.

कॉलेजात सरांकडे गेले. सर आता वरच्या हुद्द्यावर होते. मी बाटली टेबलावर ठेवली. "सर, आपल्याकडे यंत्र आहे. यात काय आहे ते तपासू. आणि संस्थेनं जाहीर करावं की याचा आपल्याशी संबंध नाही. तुम्ही म्हणालात ते दुष्परिणामांचं वाक्य चूक होतं, हेही."

सरांनी बाटली हातात घेतलीच नाही. "तुझ्या भावाबद्दल वाईट वाटलं. खरंच. पण हे बघ, आपण तपासलं की आपण त्यात आलो. उद्या तो कोर्टात गेला तर? संस्थेचं नाव यात नको. फोटो पेपरवाल्यांचा आहे, जबाबदारी त्यांची."

"वाक्य तुमचं आहे."

"ते माझ्या तोंडी घातलं त्यांनी."

"सर, मी तिथेच उभी होते. हातात बाटली धरून."

फोन वाजला नव्हता तरी त्यांनी फोन हातात घेतला. या माणसाला मी किती वर्षं वाकून नमस्कार केला होता! त्या दिवशी दार लावताना मी ते जोरात आपटलं. बाहेर बसलेला शिपाई दचकून उठला.

मग सरकारी कार्यालय. तिथल्या अधिकाऱ्यानं लेबल भिंगाखाली धरल्यासारखं वाचलं. "मॅडम, यावर आजाराचं नाव नाही. पूरक आहार लिहिलंय. आहार विकायला बंदी नाही."

"तो तोंडानं सांगतो ना कर्करोगाचं."

"तोंडाचा पुरावा कसा आणणार? पण अर्ज द्या. बघतो." अर्ज दिला. पोलीस चौकीतही दिला, माझा फोटो परवानगीशिवाय वापरतात म्हणून. हवालदार चांगला होता. तो म्हणाला, "ताई, फोटो काढतील ते लेबलवरनं. पण माल विकतीलच की. दुसऱ्या कुणाचा तरी लावतील."

दादाच्या घरी सगळं सांगितलं तेव्हा वहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "अर्जानं काय होणार हाय? आपण जाऊन उभं ऱ्हाऊ की. कोण येतंय त्याला दारातच सांगू."

वहिनी शाळेत फार गेल्या नाहीत. मंडईत भाव करताना त्यांचा आवाज डांगे चौकातून ऐकू येतो असं दादा चिडवतो. पुढच्या रविवारी आम्ही दोघी निगडीला त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिलो. मी येणाऱ्याला थांबवून समजवायला लागायचे, पेशी, थाळी, द्रावक, आणि माणूस दोन वाक्यांत कंटाळून वर जायचा. वहिनी मधे पडायच्या. "माझ्या नवऱ्यानं खाल्लं हे. मरायला टेकलाय. ही त्याची बहीण, फोटोतली. हिला बी इचारा." बस्स. दोन माणसं तरी त्या दिवशी जिन्यावरून परत फिरली. बाकीची वर गेली. काही जण आमच्यावरच चिडले. एक गृहस्थ म्हणाले, तुम्हाला दुसऱ्या कंपनीनं पाठवलंय.

दुकानदार खाली आला. त्याचा गोडवा पहिल्यांदाच उतरलेला दिसला. "ताई, इथं तमाशा नको. मी पोलीस बोलवीन."

"बोलाव," वहिनी म्हणाल्या. "बोलाव, बोलाव. मी बी हितंच हाय."

पोलीस आले नाहीत. आम्ही त्यानंतरच्या रविवारी गेलो, त्यानंतरच्याही गेलो. मी प्रत्येक वेळी त्या मुलीच्या आईला शोधत होते. ती दिसली नाही. एका रविवारी गेलो तर वर कुलूप होतं. इमारतीच्या वॉचमननं सांगितलं, की सामान टेम्पोत घालून गेले, कुठे ते माहीत नाही. वहिनींना वाटलं आपण जिंकलो. मला तसं वाटलं नाही. ते दुकान मोशीला निघालं असेल, तळेगावला निघालं असेल. तिथल्या लेबलवर मी असेन किंवा दुसरी कुणी असेल.

दादाला पहिली गोळी पुन्हा सुरू केली, पण ती आता पुरेशी चालेना. आजारानं मधल्या काळात रूप बदललं होतं. डॉक्टरबाईंनी दुसरी, जास्त कडक गोळी दिली. तिनं दम लागायचा, छातीत पाणी झालं, ते काढावं लागलं, गोळीचं प्रमाण कमी-जास्त करावं लागलं. तो पावसाळा आम्ही सगळ्यांनी दवाखान्याच्या बाकावर काढला. हिवाळ्यात रिपोर्ट खाली यायला लागले. आता आजार ताब्यात आहे, पण दादा टूलरूमला परत गेला नाही. उभं राहणं जमत नाही. कंपनीनं स्टोअरला बसायचं काम दिलंय. आयुष्यभर यंत्रांचे साचे, डाय, बसवणारा माणूस आता स्टोअरला बसून बोल्ट मोजून देतो. त्याला त्याची लाज वाटते. मला त्याचा संताप येतो. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, म्हातारे व्हाल, तशीच सरळ वाट होती ती. कुणीतरी ती खणून ठेवली आणि वर माझा फोटो लावला.

मी वर्गात आता हा धडा शिकवते. पेशी मरतानाची चित्रं दाखवते, पोरं मोबाइलमध्ये फोटो काढतात, कारण दिसायला ते अजूनही सुंदरच दिसतं. मग मी माझ्या रक्ताच्या पेशींची चित्रं दाखवते आणि विचारते, यातली कुठली बातमी तुम्ही पेपरला द्याल? एका मुलानं मागे प्रामाणिकपणे सांगितलं, "पहिली, मॅडम. दुसरी कोण छापणार?" मी त्याच्यावर इतकी चिडले की वर्ग गार पडला. नंतर त्याला बोलावून सांगितलं, की तुझं बरोबर आहे, राग तुझ्यावर नव्हता.

परवा दादाला तपासणीला घेऊन गेले. नंबर यायला वेळ होता. आमच्या शेजारी एक तरुण बसला होता, नव्यानंच आजार निघालेला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि दादाला कुठल्याशा मुळीचा व्हिडिओ दाखवायला लागला. दादानं त्याच्या हातातला मोबाइल घेतला, पालथा करून बाकावर ठेवला आणि म्हणाला, "ही माझी बहीण. हिला इचार. पण ही बोलत असताना मधी बोलायचं न्हाई. पुरतं ऐकायचं."

तो तरुण माझ्याकडे वळला. मी सांगायला सुरुवात केली.